भाकर ओळीत कुठे येते?

खाण्यावरची कविता म्हटली की आपण चवीचे शब्द शोधू लागतो. खमंग, खुसखुशीत, आंबटगोड, झणझणीत. हे शब्द पाककृतीच्या पुस्तकात आणि मसाल्याच्या जाहिरातीत भरपूर सापडतात. कवितेत मात्र ते फारसे उपयोगी पडत नाहीत. 'खमंग' हा शब्द वाचून कुणाच्या तोंडाला पाणी सुटल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

मराठीत भाकरीच्या दोन कविता अशा आहेत की त्या बहुतेक घरांत कुणाला ना कुणाला पाठ असतात. एक बहिणाबाई चौधरींची 'संसार'. दुसरी नारायण सुर्व्यांची 'दोन दिवस'. भाकर कशी लागते, ती ज्वारीची की बाजरीची, सोबत ठेचा होता की नुसते मीठ, हे या दोघांपैकी कुणीच सांगत नाही. तरीही या कविता म्हणताना भूक, जाळ, तवा आणि रिकामे ताट हे सगळे आपल्याला जाणवते. कशामुळे? माझे उत्तर असे आहे की ते ओळींच्या बांधणीमुळे आणि आवाजामुळे जाणवते. आज त्याबद्दलच बोलायचे आहे.

हे बोलण्याला एक कारण आहे. दोन्ही कवितांचे आपण सुविचार करून टाकले आहेत. बहिणाबाईंचे पहिले कडवे लग्नाच्या भाषणात म्हटले जाते आणि नव्या नवरीला सांगितले जाते, 'बाई, चटके सोसावे लागतात.' सुर्व्यांची एक ओळ गरिबीवरच्या व्याख्यानात येते, टाळ्या पडतात आणि वक्ता पुढच्या मुद्द्याकडे वळतो. कवितेचा एक तुकडा तोडून घेतला की त्यातून हवा तो उपदेश काढता येतो. पूर्ण कविता कानावर पडली तर तसे करणे जड जाते. दोन्ही कविता तुम्हाला ठाऊक आहेत, म्हणून ओळी पुन्हा लिहीत नाही. वाचता वाचता त्या मनात म्हणत राहा. मोठ्याने म्हटल्यात तर अधिक चांगले.

आठ अक्षरांचा हिशेब

बहिणाबाईंचा जन्म १८८० साली जळगावजवळच्या असोदे गावचा. त्या शाळेत गेल्या नाहीत, त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. घरचे, शेतातले काम करता करता त्या गाणी रचत. त्यांचे चिरंजीव कवी सोपानदेव आणि मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी ती जमेल तशी उतरवून घेतली. बहिणाबाई डिसेंबर १९५१ मध्ये गेल्या आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक निघाले. १९६१ च्या 'मानिनी' चित्रपटाने ही गाणी पुस्तक न वाचणाऱ्यांच्याही ओठांवर आणली.

ज्या बाईजवळ कागद नाही, ती कविता ठेवणार कुठे? धान्य कणगीत ठेवतात, तशी कविता मापात ठेवावी लागते. बहिणाबाईंचे माप आठ अक्षरांचे आहे. पहिल्या कडव्याच्या चारही ओळी बोटांवर मोजून पाहा. प्रत्येकीत आठच भरतील. पुढे एखाद्या ओळीत नववे अक्षर सापडेल, पण म्हणताना ते शेजारच्या अक्षरात मुरून जाते आणि कानाला खटकत नाही. हे वहीत मोजलेले माप नाही, हाताच्या लयीतून आलेले आहे. जात्याचा खुंटा, परातीतले पीठ, शेतातली खुरपणी या सगळ्यांना एक फेर असतो. तो फेर ज्याच्या अंगात मुरला त्याला अक्षरे मोजावी लागत नाहीत.

माझ्या घरातली गोष्ट सांगतो. आम्ही घरात दखनी बोलायचो. गव्हाची असेल तर ती रोटी, पण ज्वारीची असेल तर तिला आईसुद्धा भाकरच म्हणायची. रमजानात सहरीच्या वेळी, बाहेर मिट्ट काळोख असताना, आम्हा भावंडांना जाग यायची ती भाकर थापण्याच्या आवाजाने. थाप, थाप, थाप, मग अर्धा क्षण थांबून हलकेच फिरवणे, पुन्हा थाप. आजी जात्यावर बसली की मराठी ओव्या म्हणायची. आमच्या भागातल्या मुसलमान घरांत त्यात कुणाला काही वेगळे वाटत नसे. जात्यावर बसलेल्या बाईला दळण एकच आणि ओवीही एकच. म्हणून बहिणाबाईंची आठ अक्षरे मला शिकावी लागली नाहीत. ती कानात आधीच होती.

चटक्याची ओळ

आता पहिल्या कडव्याच्या ओळी कशावर संपतात ते ऐका. पहिली संपते 'संसार'वर, म्हणजे 'र'वर. दुसरी चुलीवरच्या तव्याची ओळ आहे. ती 'वर' या शब्दाने संपते, म्हणजे पुन्हा 'र'. चौथी संपते 'भाकर'वर. तिथेही 'र'. तिसरी मात्र 'चटके' या शब्दावर संपते. तिला 'र' नाही. चार ओळींपैकी तीन एकमेकींशी जुळतात आणि हात भाजण्याची ओळ तेवढी बाहेर उभी राहते.

हे ठरवून केले का, असा प्रश्न विचारला जातो. दुसरी आणि चौथी ओळ जुळवायची, तिसरी मोकळी सोडायची, ही लोकगीतांतली जुनी रीत आहे. कवयित्री त्या रीतीने चालली. पण रीत तिला एक मोकळी जागा देत होती आणि त्या मोकळ्या जागेत तिने नेमका चटका ठेवला. चटका गोड करून सांगितलेला नाही, यमकात गुंडाळलेला नाही. तो जसा लागतो तसा, मधेच येतो.

तव्याचाही एक खेळ आहे. दुसऱ्या ओळीत 'तवा' आहे आणि चौथ्या ओळीच्या सुरुवातीला 'तव्हां', म्हणजे 'तेव्हा'. दोन शब्दांत फरक आहे तो 'ह'चा, म्हणजे एका श्वासाचा आणि अनुस्वाराचा. चुलीवर ठेवलेली वस्तू आणि वाट पाहण्याचा काळ दोन्ही जवळजवळ एकाच आवाजाचे. तवा तापायला वेळ लागतो, भाकर सुटायला वेळ लागतो, हे कुठेही न सांगता कानाला कळते.

'च' हा वर्णही बघा. 'चुल्हा' आणि 'चटके' या दोन्ही शब्दांत तो सुरुवातीला आहे. मराठीत 'च' दोन प्रकारचा असतो. चहातला एक, चटणीतला दुसरा. इथला 'च' चटणीतला आहे. तो म्हणताना जीभ दातांच्या मागे टेकते आणि बारीक फुसकारा निघतो. तव्याची कड बोटाला लागली की आपण दातांतून जो श्वास ओढतो, त्याच्या जवळचा हा आवाज आहे. हा माझ्या कानाचा अनुभव आहे, व्याकरणाचा नियम नव्हे. तुम्ही म्हणून पाहा आणि पटले तर घ्या.

शेवटी भाकर येते आणि ती कडव्याचा अगदी शेवटचा शब्द म्हणून येते. आठ, आठ, आठ आणि सात अशी एकतीस अक्षरे... नाही, इथे थोडे थांबून नीट मोजू. कडव्याची अक्षरे बत्तीस. त्यांतली एकोणतीस संपल्यावर 'भाकर' ही तीन अक्षरे मिळतात. स्वयंपाकघरात जो क्रम असतो तोच ओळींत आहे. जाळ, तवा, चटका, मग ताट. 'आधी' हा शब्द तिसऱ्या ओळीच्या सुरुवातीला आणि 'तव्हां' चौथ्या ओळीच्या सुरुवातीला, म्हणजे क्रमाच्या दोन खुंट्या ठोकून ठेवल्या आहेत. भाकर ओळीच्या शेवटी येते याचा अर्थ ती मिळते. उशिरा मिळते, हात पोळून मिळते, पण मिळते.

आणखी एक गोष्ट. बहिणाबाईंच्या लेवा बोलीत 'ळ'चा 'य' होतो. 'मिळते' हा शब्द त्यांच्या तोंडी 'मियते' असा आहे. अनेकदा तो प्रमाण मराठीत बदलून 'मिळते' म्हटला जातो. अर्थ बिघडत नाही, पण आवाज बदलतो. 'ळ' म्हणायला जीभ मागे वळवून आपटावी लागते. 'य' नुसता घसरत पुढे जातो. चटक्याच्या ओळीनंतर जिभेला थोडा विसावा मिळतो आणि मग भाकर येते. बोली सुधारून घेताना हा विसावा आपण पुसून टाकतो.

काकडीचे तोंड आणि बिब्ब्याचा गर

पुढच्या कडव्यांत खाण्याच्या आणखी दोन गोष्टी आहेत. पहिली वेलीवरचा खिरा, म्हणजे काकडी. काकडी कापण्याआधी आपण देठाकडचा तुकडा कापतो आणि त्याच्याच चकतीने घासून कडूपणा काढतो. त्या टोकाला 'तोंड' म्हणतात. बहिणाबाई सांगतात की कडूपणा असतो तो त्या एका तोंडात, बाकी सगळी काकडी गोड. काकडीचे तोंड आणि खाणाऱ्याचे तोंड, दोघांना शब्द एकच.

पण गंमत 'ड'ची आहे. 'तोड', 'तोंड', 'कडू', 'गोड'. लहानशा कडव्यात चार 'ड' येतात. कडू म्हणतानाही जीभ तशीच वळते आणि गोड म्हणतानाही तशीच. मराठीने या दोन उलट चवींना एकच वर्ण दिला आहे आणि बहिणाबाईंनी तो उचलून कडव्यात पेरला. कडू आणि गोड एकाच फळात असतात हे सांगण्यासाठी त्यांना वेगळे वाक्य लागले नाही.

दुसरी गोष्ट भिलावा, म्हणजे बिब्बा. बिब्ब्याचे तेल अंगाला लागले की उततो, फोड येतात. पण त्याच फळाच्या देठाकडचा फुगीर भाग गोड असतो, त्याला भिमफूल म्हणतात. आणि बी फोडली की आत गोडंबी मिळते, जी आपण लाडवात घालतो. म्हणजे पुन्हा तोच क्रम. आधी भाजणे, मग खाणे. भाकर, काकडी, बिब्बा या तिन्ही गोष्टी ज्या हाताने हाताळल्या आहेत त्याच हाताची ही कविता आहे. पुस्तकात वाचून बिब्ब्याची उपमा सुचत नाही.

आता या कवितेतली सर्वांत महत्त्वाची जागा. सुरुवातीच्या कडव्यांत ओळींचे शेवट वेगवेगळे आहेत. पण जिथे 'दोन्ही जीव' हे शब्द पहिल्यांदा येतात, तिथून पुढे ऐका. इचार, नकार, होकार. सुधार, उधार, बेपार. शेवटपर्यंत प्रत्येक ओळ 'र'ने संपते. जी तिसरी ओळ पहिल्या कडव्यात चटका घेऊन बाहेर उभी होती, ती आता आत आली आहे. एका हाताने सुरू झालेली कविता दोन जिवांवर येते, तेव्हा चारही ओळी एका आवाजात बोलू लागतात.

म्हणून म्हणतो, नवरीला नुसते पहिले कडवे ऐकवणे अपुरे आहे. पहिल्या कडव्यात हात एक आहे आणि चटकाही एकटा आहे. कविता तिथे थांबत नाही. ती दोघांच्या विचाराकडे, दोघांच्या सुखदुःखाच्या व्यवहाराकडे जाते आणि आवाज जुळतो तो तिथे. एकटीने सोसत राहा, असा उपदेश या कवितेतून काढायचा असेल तर तिची अर्धी कडवी झाकून ठेवावी लागतील.

गिरणगावातला चंद्र

आता खानदेशातून मुंबईच्या गिरणगावात येऊ. बहिणाबाईंची गाणी छापून निघाली त्यानंतर दहा वर्षांनी, १९६२ साली, सुर्व्यांचा 'ऐसा गा मी ब्रह्म' हा संग्रह आला. 'दोन दिवस' ही कविता त्यातली. सुर्वे १९२६ चे. अनाथ म्हणून एका गिरणी कामगाराच्या घरी वाढले, गिरणीत राबले, शाळेत शिपाई झाले, पुढे महापालिकेच्या शाळेत शिक्षक. १९९५ साली परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०१० मध्ये गेले.

इथे चूल नाही, तवा नाही. आठ अक्षरांचे मापही नाही. ओळी लांब आहेत, एका दमात म्हणता येत नाहीत, मधे अर्धविराम घेऊन श्वास घ्यावा लागतो. दोन-दोन ओळींची जोडी आहे. ज्याने उर्दू शेर ऐकले आहेत त्याला ही चाल ओळखीची वाटेल. पहिल्या ओळीने एक गोष्ट मांडायची, दुसरीने ती उलटवायची.

कवितेची सुरुवात आयुष्याचे दिवस दोन-दोन करून वाटण्याने होते. उर्दूत बहादूरशहा जफर यांच्या नावावर सांगितला जाणारा एक शेर आहे. त्यातही चार दिवसांचे आयुष्य असेच निम्मे निम्मे वाटले जाते. तिथे अर्धे दिवस इच्छेत आणि अर्धे वाट पाहण्यात जातात. सुर्व्यांनी ही वाटणी घेतली, पण इच्छेच्या जागी दुःख आले आणि लगेच पुढे 'हिशोब' हा शब्द आला. पगाराच्या दिवशी कामगार बोटांवर मोजतो, तशी ही मोजणी. आणि मग या जुन्या वाटणीत कधीच नव्हती अशी एक वस्तू सुर्वे आणतात. ती वस्तू म्हणजे भाकरी.

ती जागा नीट ऐका. आधीच्या ओळीत आकाशातला चंद्र आहे. तो शेकडो वेळा आला, म्हणजे न बोलावता आला. तारे, धुंद रात्र असा कवितेतला नेहमीचा सगळा सरंजाम आहे. त्या ओळीचा शेवट 'झाली' या क्रियापदावर होतो. पुढच्या ओळीत भाकरीलाच चंद्र म्हटले आहे आणि तो शोधण्यात आयुष्य गेल्याचे सांगितले आहे. ही ओळही 'झाली' यावरच संपते. गझलेत ज्याला रदीफ म्हणतात तसेच हे आहे. सुर्वे इथे गझल लिहीत नव्हते, पण त्यांच्या कानात तो आवाज होता हे उघड आहे. दोन्ही ठिकाणी 'झाली'च्या आधीचा शब्दही ऐका. एकीकडे 'धुंद', दुसरीकडे 'बरबाद'. दोन्हींच्या शेवटी 'द'. रात्र धुंद होते आणि आयुष्य बरबाद होते, दोन्हींची बेरीज एकाच आवाजात येते. ज्या रात्री जगाला चांदणे दिसत होते त्याच रात्री हा माणूस उपाशी होता, हे सांगायला सुर्व्यांना तेवढा एक 'द' पुरला.

आता मूळ प्रश्न. इथे भाकरी ओळीत कुठे येते? अगदी सुरुवातीला. ओळीचा पहिलाच शब्द तो आहे. बहिणाबाईंची ओळ भाकरीपाशी पोहोचते. सुर्व्यांची ओळ भाकरीपासून निघते आणि बरबादीपाशी पोहोचते. ओळ म्हणत पुढे जावे तसतशी भाकरी मागे पडत जाते. हातात काही येत नाही. गरिबीवर चार परिच्छेद लिहूनही जे सांगता येणार नाही, ते एका शब्दाच्या जागेने सांगितले आहे.

'जिंदगी', 'बरबाद', 'हरघडी', 'दुनिया' हे शब्द या कवितेत सहज येतात. गिरणगावात कोकणी, घाटी, भय्या, मुसलमान सगळे एकाच खात्यात आणि एकाच चाळीत होते. तिथली मराठी अशीच बोलली जात होती. त्याच कवितेत 'अगा' हे जुन्या संतवाणीतले संबोधनही आहे. 'कलम' हा शब्द तर दोन्ही बाजूंनी कापतो. कलम म्हणजे लेखणी आणि कलम होणे म्हणजे छाटले जाणे. सुर्वे तो हातांच्या कडव्यात वापरतात. आणि हात इथे कसे आहेत? गरिबीकडे गहाण पडलेले. बहिणाबाईंच्या कवितेतला हात पोळतो, पण तो स्वतःचा आहे. इथे हातच दुसऱ्याच्या ताब्यात आहेत. मग भाकरी थापणार कोण?

भाजली गेली ती कोणती वस्तू?

कवितेच्या शेवटी जाळ येतो, पण तो चुलीचा नाही. झोतभट्टीचा आहे, पोलाद वितळवणारा. आणि क्रियापद आहे 'शेकणे'. हा शब्द स्वयंपाकघरातला आहे. तव्यावरून काढलेली भाकर आपण निखाऱ्यावर शेकतो, तेव्हा ती फुगते. सुर्व्यांच्या कवितेत भाकरी कधीच शेकली जात नाही. शेकले जाते ते आयुष्य. भाकरी सापडली नाही, पण ती शोधणारा माणूस मात्र भाकरीसारखा भट्टीवर धरला गेला.

त्या क्रियापदाच्या आधी 'छान' असा साधा, घरगुती शब्द आहे. पाहुण्याला वाढताना आपण वापरतो तसा. तो कसा म्हणायचा? कुणी तो उपहासाने म्हणतात, कुणी अभिमानाने. मला वाटते दोन्ही आवाज त्यात आहेत. पोलाद शेकले की ते जळून जात नाही, कणखर होते. त्या 'छान'मध्ये कडवट हसू आहे आणि न मोडल्याची खूणही आहे. म्हणून ही कविता रडगाणे म्हणून म्हटली तर ती चुकीच्या सुरात लागते. आवाज पाडून, डोळे मिटून म्हणण्याची ही कविता नाही.

मग कविता संपते ती पहिल्याच ओळीवर. बहिणाबाईंच्या कवितेत 'संसार' प्रत्येक कडव्याच्या सुरुवातीला येतो, जात्याच्या फेऱ्यासारखा. सुर्व्यांची ओळ फक्त दोनदा येते, एकदा सुरुवातीला, एकदा शेवटी. गिरणीचा भोंगा पाळी सुरू होताना एकदा वाजतो आणि सुटताना एकदा वाजतो. आवाज तोच, पण मधले आठ तास अंगावरून गेलेले असतात. पहिल्यांदा ऐकली तेव्हा ती ओळ हिशेबाची वाटते. शेवटी तीच ओळ जगून झालेल्या माणसाची वाटते.

दोन्ही कवितांत माप आहे, फक्त ते वेगळ्या कामातून आले आहे. घरच्या आणि शेतातल्या कामाचे माप आखूड आणि गोल, ते हाताच्या फेऱ्याएवढे. गिरणीतल्या पाळीचे माप लांब, थकलेल्या श्वासाएवढे. मुक्तछंदात आवाज नसतो असे ज्यांना वाटते त्यांनी सुर्व्यांच्या ओळीत श्वास कुठे तुटतो ते पाहावे. आणि छंदातली कविता म्हणजे नुसते यमक, असे ज्यांना वाटते त्यांनी बहिणाबाईंच्या तिसऱ्या ओळीला यमक का मिळाले नाही याचा विचार करावा.

शाळेत आपण कवितेचा भावार्थ लिहायला शिकतो. पाच ओळींत सारांश, दोन गुण. भावार्थ लिहायला हरकत नाही, पण तो काढताना शब्दांची जागा हलते. 'भाकर मिळवण्यासाठी कष्ट सोसावे लागतात' या वाक्यात भाकर पहिली आली, चटका शेवटी गेला आणि बहिणाबाईंचा क्रम उलटा झाला. अर्थ तोच राहिला असे आपण समजतो. पण ताट आधी मांडून मग चूल पेटवावी तसे ते झाले.

आज रविवार आहे, घरात माणसे असतील. जेवणापूर्वी पाच मिनिटे काढून या दोन कविता मोठ्याने म्हणा. बहिणाबाईंची म्हणताना 'चटके'वर थांबा, घाई करून भाकरीकडे जाऊ नका. आणि पहिल्या कडव्यावर न थांबता ती शेवटपर्यंत म्हणा, 'दोन्ही जीव' येईपर्यंत तर नक्कीच. सुर्व्यांची म्हणताना 'भाकरी' हा शब्द स्पष्ट उच्चारा आणि मग ओळ संपेपर्यंत तो कसा दूर जातो ते ऐका. घरात भाकऱ्या थापणारे कुणी असेल तर त्यांनाही ऐकवा. तिसऱ्या ओळीबद्दल त्यांचे मत माझ्यापेक्षा अधिक अधिकाराचे असेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)